नस शिवल्यानंतरचे महिने: व्यायामोपचाराची पार्श्वभूमी

कोपराजवळ नस (रक्तवाहिनी नव्हे, मेंदू आणि अवयव यांच्यात संदेश नेणारी नर्व्ह) तुटते, शस्त्रक्रियेत ती शिवली जाते, टाकेही निघतात, पण बोटं काही हलत नाहीत. घरच्यांना वाटतं, ऑपरेशन फसलं. खरं तर तुटलेल्या नसेतले तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात. कोपरापासून तळहातातल्या लहान स्नायूंपर्यंतचं अंतर २५ ते ३० सेंटिमीटर धरलं, तरी नुसतं पोहोचायलाच आठ-दहा महिने लागतात. दुसरीकडे, नसेचा संपर्क तुटलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात इतका सुकतो की त्यानंतर नस येऊनही तो फारसा साथ देत नाही. या मधल्या काळात हाताचं काय करायचं, हा व्यायामोपचाराचा, म्हणजे फिजिओथेरपीचा, मूळ प्रश्न आहे.

तुटलेल्या नसेचा पुढचा भाग आधी झडतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेवरच्या प्रयोगांतून दाखवलं. पुढे अमेरिकन यादवी युद्धात सायलस वेअर मिचेल यांनी फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन रुग्णालयात गोळी लागून नसा दुखावलेले सैनिक तपासले. स्नायू लुळे पडतातच, शिवाय न हलवलेले सांधेही आखडून बसतात, हे त्यांनी नोंदवलं. मालिश, विजेचे झटके आणि दुसऱ्याने हात धरून केलेली हालचाल हे त्यांचे उपाय होते.

शिस्त आली ती दुसऱ्या महायुद्धात. ऑक्सफर्डमध्ये हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये नसेच्या इजांचे तीन प्रकार पाडले: नुसती दबलेली, आतले तंतू तुटलेली आणि पूर्ण तुटलेली. पहिल्या प्रकारात काही आठवड्यांत हालचाल परतते, तिसऱ्यात शस्त्रक्रियेवाचून आशा नाही. त्याच काळात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्नायूंची ताकद ० ते ५ अशी मोजायची पद्धत रूढ केली. फिजिओथेरपिस्टच्या कागदावर आजही ‘ग्रेड ३’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, अवयव स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो, पण त्यावर जास्तीचा भार पेलवत नाही. रुग्णाने हा आकडा आवर्जून विचारावा, कारण व्यायाम कोणता द्यायचा हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं.

आपल्याकडे मात्र ही विद्या रणांगणातून आली नाही. ती मोठ्या प्रमाणावर कुष्ठरोगाच्या वॉर्डात वाढली, आणि या इतिहासाचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेजवळच्या, तुलनेने थंड राहणाऱ्या नसांवर हल्ला करतात. कोपराची नस गेली की करंगळी आणि अनामिका वाकतात, गुडघ्याजवळची गेली की पाऊल लोंबतं. असा हात कायमचा गेला, असंच तेव्हा धरून चालत. १९४७ मध्ये वेल्लोरचे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी चेंगलपट्टूच्या कुष्ठधामात एका रुग्णाला आपला हात दाबायला सांगितला. वाकड्या बोटांची ती पकड इतकी जोरकस होती की ब्रँड यांना वेदना झाल्या. पंजातले लहान स्नायू मेले होते, पण कोपर ते मनगट या भागातले स्नायू ठणठणीत होते! मग त्यांतल्या एखाद्या स्नायूची दोरी वळवून बोटं सरळ करायच्या शस्त्रक्रिया वेल्लोरला सुरू झाल्या.

पण वळवलेल्या स्नायूला नवं काम आपोआप समजत नाही. शस्त्रक्रियेआधी आठवडेच्या आठवडे गरम मेणाचा शेक, तेल लावून बोटं ताणणं, स्प्लिंट (अवयव योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार). सांधा मोकळा नसेल तर शस्त्रक्रियाच निरुपयोगी. नंतर तोच स्नायू वेगळ्या हालचालीसाठी वापरायला मेंदूला शिकवायचं. शस्त्रक्रियेचं नाव होतं, पण या कामात फिजिओथेरपिस्टचा वाटा निम्म्याहून कमी नसतो. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अँटिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्यात आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे काम नेलं. कुष्ठरुग्णांना सर्वसाधारण रुग्णालयात जागा मिळवून दिली. १९५०च्या दशकातच मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं आणि १९५५ मध्ये हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था उभी राहिली.

मेंदूचा वाटा किती, हे पुढे प्रयोगांत दिसलं. मायकेल मर्झेनिच आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवलं की माकडाच्या हाताची नस कापल्यावर मेंदूतली तिची जागा शेजारच्या भागांच्या संवेदना व्यापतात. म्हणून नस पोहोचल्यावरही नाणं, बटण, चावी डोळे मिटून ओळखण्याचा सराव करावा लागतो. ब्रिटनमध्ये विन पॅरी यांनी असं संवेदनांचं प्रशिक्षण त्याआधीच रुळवलं होतं.

अलीकडे अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात आर्थर इंग्लिश यांच्या गटाने ट्रेडमिलवर चालवलेल्या उंदरांत नसेचे तंतू अधिक वाढतात हे दाखवलं. नर आणि मादी यांना वेगवेगळ्या प्रकारचं चालणं मानवलं, हे विशेष. उंदरांवरून माणसाचा वेळापत्रक-तक्ता मात्र लगेच बनत नाही. शिवलेल्या नसेवर पहिले काही आठवडे ताण येऊ द्यायचा नसतो, आणि कुष्ठरोगात नस सुजून ठणकत असेल तर आधी स्प्लिंट लावून विश्रांती आणि स्टेरॉइड, ठणका उतरल्यावर व्यायाम.