गॅरेजमधला 'ग' मूळचा नाहीच

परवा फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला की 'गॅरेज' हा शब्द संस्कृत 'गृह' वरून गेलाय, आणि खाली लगेच जोडलेल्या हातांची रांग. म्हटलं चला, आता लिहावंच लागणार.

आधी आपली गंमत बघा. आपण 'गाडी गॅरेजला टाकली' म्हणतो तेव्हा गाडी दुरुस्तीला दिलेली असते, आणि तिथे तिला छप्पर मिळेलच असं नाही, निम्म्या गाड्या तर बाहेर रस्त्यावरच उन्हात उभ्या असतात. गाडी ठेवायची जागा म्हणजे आपल्याकडे पार्किंग, एसटीची असेल तर आगार. मूळ फ्रेंच शब्दात मात्र दुरुस्तीचा काही संबंध नव्हता. 'गारे' म्हणजे बाजूला घेऊन सुरक्षित ठेवणं, आणि ते आधी होड्यांसाठी वापरायचे. नदीच्या प्रवाहातून नाव कडेला घेतात ती जागा 'गार', मग रेल्वे आली तसं स्टेशनलाच गार म्हणायला लागले (पॅरिसचं गार द्यू नॉर ऐकलं असेल), आणि मोटारी आल्यावर त्यांच्या शेडला गाराज. इंग्रजीत हा शब्द 1902 च्या सुमारास दिसतो.

पण मला सांगायचंय ते याच्याही मागचं. हा 'गारे' फ्रेंचांना मिळाला फ्रँक लोकांकडून, जे पाचव्या शतकाच्या आसपास आजच्या फ्रान्समध्ये घुसले आणि जर्मन घराण्यातली भाषा बोलायचे. त्यांचा शब्द होता 'वारोन', म्हणजे राखणं, लक्ष ठेवणं. इंग्रजीतलं अवेअर, बिवेअर त्याच कुळातलं.

मग व चा ग कसा झाला? शाळेत आपला व दंतौष्ठ्य म्हणून शिकवतात, म्हणजे खालचा ओठ आणि वरचे दात. फ्रँकांचा व तसला नव्हता. ओठांचा चंबू करा आणि हळू 'उआ' म्हणा, आता जिभेकडे लक्ष द्या, ओठ गोल होतातच पण जिभेचा मागचा भाग पण टाळूकडे उचलला जातो, जवळपास तिथेच जिथे ग म्हणताना टेकतो. म्हणजे हा आवाज एकाच वेळी ओष्ठ्य आणि कंठ्य. आता स्थानिक लोकांच्या लॅटिनमध्ये पूर्वी असला व होता पण तोवर तो घासून दंतौष्ठ्य होऊन बसलेला, त्यामुळे नवा आवाज पकडायला त्यांनी मागची बाजू जरा जास्त दाबली आणि झाला 'ग्व'. पुढे ओठांचा चंबूही गळाला आणि उरला नुसता ग. वारोन, ग्वार, गार!

ब्रिटनमधल्या वेल्श लोकांनीही स्वतंत्रपणे हेच केलं, वाईनसाठीच्या लॅटिन शब्दाचा 'ग्विन' झाला. आणि आजही स्पॅनिश लोक व्हॉट्सॲपला 'ग्वासाप' लिहितात, म्हणजे ज्या ॲपवरून तो फॉरवर्ड आला त्याच्याच नावावर तोच प्रयोग चालू आहे. उलट पुढची बाजू, म्हणजे ओठ, पूर्ण मिटले की ब होतो, हिंदीत वाघाचा बाघ आणि वीसचे बीस झाले तसं. मराठीने व सांभाळला.

फ्रान्सच्या उत्तरेकडच्या नॉर्मन लोकांनी पण तो सांभाळला आणि 1066 मध्ये इंग्लंड जिंकल्यावर तिकडे नेला. मग इंग्रजीने पॅरिसकडचे ग वाले शब्दही घेतले, म्हणून एकाच शब्दाची दोन-दोन रूपं झाली: वॉरंटी आणि गॅरंटी, वॉर्डन आणि गार्डियन. दुकानदार ज्या वॉरंटी-गॅरंटीमधला फरक सांगून आपल्याला घुमवतो त्या मुळात एकच आहेत. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमला फ्रेंच आजही गियोम म्हणतात.

तर 'गृह' चा ग मूळचा ग (खरं तर घ) आणि गॅरेजचा ग मूळचा व, नुसतं पहिलं अक्षर जुळलं म्हणून नातं लावलं तर असंच होतं. गृहाची खरी परदेशी भावंडं हवीच असतील तर ती गार्डन आणि यार्ड, कुंपण घातलेली जागा या अर्थाने. आणि गंमत म्हणजे काही कोशकार वारोनचं मूळ 'झाकणं' या अर्थाच्या धातूपर्यंत नेतात, त्यांच्या हिशोबाने गॅरेजचं संस्कृतातलं चुलत भावंड निघतं आवरण मधला 'वृ'. त्याच वृ पासून 'वरूथ', म्हणजे संरक्षण, आणि रथाला टक्कर लागू नये म्हणून बसवलेलं कडं पण.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. काकांनी अंगठा दाखवला आणि पाच मिनिटांत पुढचा फॉरवर्ड टाकला, 'पार्किंग' वरचा.