सुरक्षा परिषद अडते तेव्हा: आमसभेच्या वाटेचा इतिहास

२५ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवरच्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत मतदानाला आला. अकरा देश बाजूने होते. भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले. विरोधात एकटा रशिया, आणि त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपदही रशियाकडेच होतं. ठराव पडला. दोनच दिवसांनी त्याच परिषदेने हा प्रश्न आमसभेकडे सोपवला. मतं अगदी तशीच पडली, रशिया याही वेळी विरोधातच होता, तरी ठराव मंजूर झाला. कारण आमसभेचं तातडीचं अधिवेशन बोलावणं ही कामकाजाची बाब मानली जाते आणि तिथे नकाराधिकार, म्हणजे पाच कायम सदस्यांपैकी एकट्याच्या विरोधानेही ठराव पाडण्याचा अधिकार, चालत नाही. ही सोय १९५० मधली आहे, पण तिची गरज त्याआधीच दिसू लागली होती.

संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाच्या काळात निर्णयाला सर्वांची संमती लागायची. १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला तेव्हा आर्थिक निर्बंध लागले, पण त्यातून तेल वगळलं गेलं आणि सुएझ कालवाही इटलीच्या जहाजांना खुलाच राहिला. ३० जून १९३६ रोजी सम्राट हैले सेलासी स्वतः जिनिव्हात उभे राहून न्याय मागत होते. पुढच्याच महिन्यात ते अपुरे निर्बंधही उठवले गेले. त्यामुळे १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांची सनद लिहिणाऱ्यांनी ठरवलं की बड्या सत्ता संघटनेच्या आत हव्यात आणि त्यांचं बळ संघटनेमागे हवं. याची किंमत म्हणजे नकाराधिकार. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री हर्बर्ट इव्हॅट यांच्या पुढाकाराने लहान देशांनी त्याला कडाडून विरोध केला. अमेरिकेचे सिनेटर टॉम कॉनली यांनी सनदेच्या मसुद्याची प्रत सर्वांसमोर फाडली. नकाराधिकार नको असेल तर सनदच मिळणार नाही, हा त्याचा अर्थ होता.

जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं तेव्हा परिषद झटपट हलली, पण तो केवळ योगायोग होता. चीनची जागा कोणाला द्यायची या वादावरून सोव्हिएत प्रतिनिधी जानेवारीपासून बहिष्कार टाकून बसले होते. ऑगस्टमध्ये ते परतले आणि परिषद पुन्हा अडली. मग अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचेसन यांनी ‘शांततेसाठी एकजूट’ हा ठराव पुढे आणला. आमसभेने तो ३ नोव्हेंबर १९५० रोजी ५२ विरुद्ध ५ मतांनी मंजूर केला. भारत आणि अर्जेंटिना तटस्थ राहिले.

या ठरावाचे दोन भाग होते, आणि आपण सहसा पहिल्याबद्दलच बोलतो. नकाराधिकारामुळे परिषद अडली तर आमसभेने चोवीस तासांत जमावं आणि सदस्यांना सामूहिक कारवाईची शिफारस करावी, हा झाला पहिला भाग. दुसऱ्या भागात सदस्य देशांनी आपल्या सैन्यात अशा कामासाठी तुकड्या तयार ठेवाव्यात असं म्हटलं होतं, आणि कोणते उपाय योजता येतील याचा अभ्यास करायला सामूहिक उपाययोजना समितीही नेमली होती. भारताचा मुख्य आक्षेप या लष्करी तरतुदींवर होता. शीतयुद्धाच्या दोन गटांत संयुक्त राष्ट्रांनीच शस्त्रं परजू नयेत, ही तेव्हाची भूमिका समजण्यासारखी आहे. पण काही वर्षांत हा दुसरा भाग फायलींत गेला. सगळी कमजोरी इथून सुरू होते असं मला वाटतं.

१९५६ च्या शरदात ती उघडी पडली. सुएझ कालव्याच्या वादात इस्रायलने इजिप्तवर केलेल्या हल्ल्याच्या प्रश्नावर ब्रिटन आणि फ्रान्सने ३० ऑक्टोबरला नकाराधिकार वापरला. दुसऱ्या दिवशी परिषदेने हा विषय आमसभेकडे पाठवला. त्यासाठी सात मतं लागत होती, आणि नेमकी सातच मिळाली. आमसभेचं हे पहिलं तातडीचं अधिवेशन. कॅनडाचे लेस्टर पिअर्सन यांच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांचं शांतिसैन्य उभं राहिलं, त्यात भारतीय जवानही होते. इजिप्तमध्ये उतरलेलं ब्रिटन आणि फ्रान्सचं सैन्य डिसेंबर संपण्याआधी परतलं. सुएझचा प्रश्न आमसभेत गेला त्याच आठवड्यात सोव्हिएत रणगाडे हंगेरीची राजधानी बुडापेस्टमध्ये शिरले. ४ नोव्हेंबरला परिषदेत पुन्हा नकाराधिकार, पुन्हा तातडीचं अधिवेशन, पुन्हा ठराव. हंगेरीत मात्र काहीही बदललं नाही, आणि १९५८ मध्ये तिथले पदच्युत पंतप्रधान इम्रे नॉज यांना फाशी दिली गेली.

वाट एकच, सभागृह एकच. फरक एवढाच की सुएझच्या वेळी पौंड कोसळत होता आणि माघारीशिवाय मदत नाही, असं अमेरिकेने लंडनला बजावलं होतं. मॉस्कोवर असा दाब कोणाकडेच नव्हता. आमसभेचा ठराव ही शिफारस असते. ती पाळायला लावणारं बळ सभागृहाबाहेरून आणावं लागतं. १९६२ च्या सल्लागारी मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही ही चौकट आखून दिली: शांततेची मुख्य जबाबदारी सुरक्षा परिषदेची, पण ती एकट्या परिषदेची नाही, सक्तीची कारवाई मात्र परिषदेनेच करायची. म्हणूनच सुएझचं शांतिसैन्य इजिप्तच्या संमतीवर उभं होतं. मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी संमती काढून घेतली, सैन्य हललं आणि जूनमध्ये इस्रायलशी युद्ध झालं.

आपण हा इतिहास लिहिताना आपली बाजू झाकू नये. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यातून भारतीय सैन्य मागे घ्यावं, असा ठराव परिषदेत सात विरुद्ध चार मतांनी जिंकत होता. तो सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. वसाहतवाद संपवणाऱ्या त्या कारवाईमागे न्याय होता असं मी मानतो, पण आपल्याला वाचवलं ते याच अधिकाराने. १९७१ मध्ये उलट घडलं. सोव्हिएत नकाराधिकारानंतर प्रश्न आमसभेत गेला आणि ७ डिसेंबरला १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदीचा ठराव मंजूर झाला. भारतात त्या वेळी सुमारे एक कोटी निर्वासित होते. ढाक्यातल्या कत्तलीवर महिनोन्‌महिने गप्प राहिलेल्या देशांना युद्धबंदी मात्र तातडीने हवी होती. भारत थांबला नाही. १६ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्य शरण आलं. म्हणून बहुमताला न्याय समजू नये, आणि आमसभेला अधिक बळ द्यायचं तर आक्रमण कशाला म्हणायचं याची कसोटीही तितकीच काटेकोर हवी.

२०२२ मध्ये आमसभेत युक्रेनच्या बाजूने १४१ मतं पडली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लिश्टेनश्टाइनच्या पुढाकाराने एक नियम आला: कोणी नकाराधिकार वापरला की दहा कामकाजी दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा व्हायलाच हवी. नोव्हेंबरमध्ये रशियाने युक्रेनला भरपाई द्यावी हा ठराव ९४ मतांनी मंजूर झाला. ७३ देश तटस्थ राहिले, त्यांत भारतही होता. त्या ठरावाच्या आधारे युरोप परिषदेने हेगमध्ये नुकसानीची नोंदवही उघडली. जळालेलं घर, गमावलेला माणूस, सगळ्याची नोंद तिथे होते. १९५० च्या ठरावाच्या विसरलेल्या दुसऱ्या भागाकडे, म्हणजे उपाय आधीच तयार ठेवण्याकडे, नेणारं हे मला दिसलेलं पहिलं ठोस पाऊल आहे. पुढची पावलंही सांगता येतात: निर्बंधांचे टप्पे आधीच ठरवून ठेवणं, त्यांची झळ बसणाऱ्या गरीब देशांसाठी निधी उभारणं, गोठवलेल्या मालमत्तेचे नियम करणं. यांतल्या कशालाही सनद बदलावी लागत नाही. पण २४ फेब्रुवारी २०२५ रोजी युक्रेनचा ठराव पुन्हा आमसभेत आला तेव्हा बाजूने ९३ मतं उरली होती, आणि विरोधात मत देणाऱ्यांत, रशियाच्या जोडीला, अमेरिका होती.