ऑफिसात चालतं, शॉपवर चालत नाही – असं का?

कोल्हापुरातल्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक भागांतले आमचे बरेच ग्राहक कास्टिंगच्या वजनाचा नाहीतर डिस्पॅचचा प्रोग्रॅम पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत स्वतःच लिहितात आणि पॅकिंगला, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करता येईल असा करून घ्यायला, आमच्याकडं आणतात. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तो सुरळीत चालतो. शॉपवरच्या, म्हणजे कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर टाकला की 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर'! म्हणजे प्रोग्रॅमला लागणारं कोडचं मॉड्यूल पायथनला सापडत नाही.

घाबरू नका, आधी एररची शेवटची ओळ वाचा. तिथं मॉड्यूलचं नाव असतं. नाव बाहेरच्या लायब्ररीचं असेल तर बहुतेक वेळा ती 'पायप्रोजेक्ट' या प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमधल्या डिपेंडन्सी (लागणाऱ्या लायब्ररींच्या) यादीत लिहायची राहिलेली असते. यादीत लायब्ररी इन्स्टॉल करणाऱ्या 'पिप'ला द्यायचं नाव लागतं, आणि ते कोडमधल्या इम्पोर्टच्या नावासारखं असेलच असं नाही: इम्पोर्ट 'सीव्ही२', पण पिपला 'ओपनसीव्ही-पायथन'.

नाव तुमच्याच फाइलीचं असेल तर गडबड पॅकिंगमध्ये. स्क्रिप्ट चालवताना पायथन आधी तिच्याच फोल्डरात शोधतो, त्यामुळं शेजारची फाइल आपोआप सापडते. व्हील (पॅक केलेल्या प्रोग्रॅमची फाइल) इन्स्टॉल केल्यावर हा शेजार सुटतो. व्हीलमध्ये जे गेलं तेवढंच हाती येतं. व्हील बनवणाऱ्या सेटअपटूल्सचं 'फाइंड पॅकेजेस' ज्या फोल्डरात 'इनिट' नावाची (बहुधा रिकामीच) फाइल नाही तो सरळ सोडून देतं. पायथन ३.३ पासून त्या फाइलीवाचूनही इम्पोर्ट होतो, म्हणून ऑफिसात चूक दिसतच नाही. आमच्याकडं येणारी निम्मी कामं याच एका रिकाम्या फाइलीपायी येतात, आणि त्याचे पैसे घ्यायला आम्हालाच संकोच वाटतो. व्हील म्हणजे शेवटी झिपच. कॉपी काढा, एक्स्टेन्शन बदलून 'झिप' करा, उघडून बघा: फोल्डर आत आहे का?

पायइन्स्टॉलर या टूलनं ईएक्सई (थेट चालणारी फाइल) करत असाल तर गोष्ट थोडी वेगळी. तो कोडमधल्या इम्पोर्टच्या ओळी वाचून सामान गोळा करतो. मॉड्यूलचं नाव प्रोग्रॅम चालताना ठरत असेल, तर ते त्याला दिसत नाही. 'हिडन-इम्पोर्ट' देऊन नाव सांगावं लागतं. विंडोजची ईएक्सई विंडोजवरच बनवा.

स्वतःच्या फाइलीला 'सीएसव्ही' किंवा 'रँडम' नाव तर देऊच नका. पायथनची मूळ लायब्ररी तिच्यामागं झाकली जाते.

आमच्याकडं येण्याआधी नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनची वेगळी, कोरी जागा) करून त्यात व्हील टाका, प्रोजेक्टच्या फोल्डरबाहेर जा आणि तिथून प्रोग्रॅम चालवा. तरी अडलं तर पूर्ण एरर कॉपी करून पाठवा. मोबाइलवर काढलेल्या फोटोत नेमकी शेवटची ओळच कापलेली असते.