एकटं पडणं आणि एकटं वाटणं

कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीत एक आजोबा एकटेच राहतात. उभा जन्म मार्केटात गोण्या उचलल्या. बायको गेली, मुलगा गावी शेती बघतो. पण संध्याकाळच्या हरिपाठाला पखवाज त्यांचाच, आणि सकाळी टपरीवर दिसले नाहीत तर कोणीतरी जाऊन दार वाजवतं.

ठाण्यात वागळे इस्टेटजवळ एक आजी आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत, अकरावा मजला, मुलगा-सून, दोन नातवंडं. घरात पाय ठेवायला जागा नाही. तरी विचारलं तर म्हणतात, "बोलायला कोण हाय?"

शेजारीपाजारी आजोबांची कीव करतात आणि आजींना नशीबवान म्हणतात.

एकटं पडणं मोजता येतं. त्यासाठी वापरतात त्या ल्यूबेन मापनपट्टीत सहाच प्रश्न आहेत, तीन नातेवाइकांबद्दल, तीन मित्रांबद्दल: महिन्यातून एकदा तरी कितीजणांशी गाठ पडते किंवा बोलणं होतं, खासगी गोष्ट कितीजणांना सांगता येते, अडीअडचणीला कितीजणांना हाक मारता येते. ३० पैकी १२च्या खाली गुण आले तर माणूस एकटा पडतोय असं धरतात. आजोबा नातेवाइकांच्या रकान्यात मार खातील, पण मित्रांच्या जोरावर सहज पार होतील.

एकटं वाटणं मात्र बाहेरून दिसत नाही, विचारावंच लागतं. सोबतीची उणीव भासते का, डावलल्यासारखं वाटतं का, तुटल्यासारखं वाटतं का. (हे प्रश्न सुनेसमोर विचारले तर तिन्हींना "छे छे" हेच उत्तर येणार.)

उपायही म्हणूनच वेगळे. एकट्या पडलेल्याला चालू लिफ्ट, खाली बसायला बाकडं, विरंगुळा केंद्र यांचा खरोखर उपयोग होतो. एकटं वाटणाऱ्याला तेवढ्याने भागेलच असं नाही. रॉबर्ट वाइस या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच मांडलं होतं की जिवाभावाच्या माणसाची उणीव गोतावळ्याने भरून निघत नाही.

आजींचं तेच झालंय. वस्तीत नळ सार्वजनिक होता, तेव्हा रोज पहाटे पाण्याच्या रांगेत शेजारणीशी तासभर गप्पा व्हायच्या. आता नळ घरात आला आणि घरांच्या लॉटरीत शेजारीण समोरच्या विंगमध्ये सातव्या मजल्यावर गेली. दोघींच्या खिडक्या समोरासमोर आहेत. पण एकटीने लिफ्टमध्ये जायची दोघींनाही भीती वाटते.