डब्यावर यॅम, आत रताळं

नोव्हेंबरच्या मध्यावर अमेरिकेतल्या किराणा दुकानात भाज्यांकडे गेलात, की बरेचदा दोन ढीग शेजारीशेजारी दिसतात. एकावर पाटी 'स्वीट पोटॅटो', दुसऱ्यावर 'यॅम'. एकाची साल फिकट, दुसऱ्याची तांबूस. पुढे डबाबंद मालाच्या फळीवर पाकात बुडवलेल्या नारिंगी फोडींचे डबे, त्यावरही 'यॅम'. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकन सणाच्या जेवणाला कुणी बोलावलेलं असतं, 'येताना स्वीट पोटॅटो कॅसरोल आणाल का?' असं प्रेमाने विचारलेलं असतं, आणि फोनवर उघडलेल्या पाककृतीत मात्र यॅम लिहिलेलं असतं. घ्यायचं कुठलं?

त्या दोन्ही ढिगांत रताळीच आहेत. डब्यातही रताळंच आहे. खरं यॅम म्हणजे आपलं कोनफळ आणि त्याचे भाऊबंद. अमेरिकेतल्या साध्या सुपरमार्केटात ते सहसा मिळतही नाही.

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझी एक दुपार वाचली असती. यॅम आणि रताळं वेगळं एवढं मी ऐकून होते. पाककृतीत यॅम आहे म्हणजे खरंच यॅम हवं, असं समजून मी मुद्दाम आफ्रिकन किराणा दुकान शोधलं आणि झाडाच्या ओंडक्यासारखा खरखरीत, तपकिरी सालीचा मोठा तुकडा घेऊन आले. सोलताना हाताला चिकट लागलं आणि मनगटापर्यंत खाज सुटली. आत पांढरा गर. उकडून, कुस्करून, साखर-लोणी घालून भाजल्यावर हाती आला तो घट्ट, पिठूळ गोळा. कंद एकीकडे, साखर एकीकडे. कंद चांगला होता, पण मी त्याच्याकडून रताळ्याचं काम मागत होते.

दोघांचं कूळच वेगळं आहे. रताळं हे गारवेलीच्या कुळातलं. शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी वाढणारं बेशरम आठवा. तेही याच प्रजातीतलं, आणि रताळ्याच्या वेलाला आलेलं फिकट जांभळं, कर्ण्यासारखं फूल पाहिलं की नातं लगेच पटतं. आपण खातो ते त्याचं फुगलेलं मूळ. मूळ गाव अमेरिका खंडाचा मधला आणि दक्षिणेकडचा उष्ण भाग. कोनफळ, करांदे, कणगर ही मंडळी डायोस्कोरिया प्रजातीतली. यांची घराणी आफ्रिकेत आणि आशियात रुजलेली. कोनफळाचं रोप एकदल, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ते रताळ्यापेक्षा कांद्याला आणि गवताला जवळचं. रताळं दोन्ही टोकांना निमुळतं, साल पातळ, नखाने खरवडली तरी निघणारी. यॅमची साल जाड, झाडाच्या सालीसारखी, आणि एकेक कंद कित्येक किलोंचा होऊ शकतो. म्हणूनच ते तुकडे करून विकतात.

मग रताळ्याला यॅम हे नाव चिकटलं कसं? पश्चिम आफ्रिकेत यॅम हे मुख्य अन्न. आजही जगातलं सर्वाधिक यॅम नायजेरियात पिकतं, आणि इग्बो लोक नव्या यॅमचा सण साजरा करतात. तिथून गुलाम म्हणून पकडून नेलेल्या माणसांना अमेरिकेच्या दक्षिणेत आपला कंद मिळेना, मिळालं ते रताळं. त्याला त्यांनी ओळखीचं नाव दिलं. पश्चिम आफ्रिकेतल्या काही भाषांत 'न्याम'सारख्या शब्दांचा अर्थच खाणं असा होतो. घर हिरावून घेतलेल्या माणसांनी परक्या मातीतल्या कंदाला घरचं नाव द्यावं, हे मला या सगळ्या गोंधळात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'चुकीचं नाव' म्हणून ते सोडून द्यायला माझं मन तयार होत नाही.

पुढचं काम बाजाराने केलं. पूर्व किनाऱ्यावर पिकणारी रताळी फिकट आणि कोरडी असत. लुइझियाना राज्य विद्यापीठात ज्युलियन मिलर यांनी नारिंगी, रसाळ गराच्या जातीवर काम केलं, आणि १९३० च्या दशकात लुइझियानाच्या शेतकऱ्यांनी आपला माल वेगळा कळावा म्हणून 'यॅम' हे नाव धरलं. ते इतकं रुजलं की अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमानुसार लेबलवर यॅम लिहिलं तर सोबत स्वीट पोटॅटोही लिहावं लागतं. डबा उलटून पाहा, ते शब्द कुठेतरी बारीक अक्षरांत सापडतातच. सुट्या ढिगांवरच्या पाट्या मात्र दुकानदाराच्या मर्जीच्या.

आपणही काही फार वेगळे नाही. मराठीत रताळं म्हणजे गोड मूळ. पण सुरतेच्या माणसाला 'रताळू' म्हणा, तो जांभळं कोनफळ काढून देईल, कारण उंधियूत पडतं ते रताळू आणि आपल्या रताळ्याला गुजरातीत शक्करियां म्हणतात. अमेरिकेतल्या भारतीय दुकानात गोठवलेल्या जांभळ्या फोडींच्या पाकिटावर रताळू वाचून उपवासाच्या किसासाठी रताळी म्हणून ती घरी आणणारे मराठी लोक मी पाहिले आहेत. सुरणालाही इंग्रजीत यॅम म्हणतात, पण ते तर अळूच्या कुळातलं, म्हणजे तिसरंच. आणि 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला तो मुळात कॅरिबियन बेटांवरच्या लोकांनी रताळ्याला दिलेला शब्द. पोर्तुगीजमध्ये आजही रताळं म्हणजे 'गोड बटाटा'. वड्यातल्या बटाट्याच्या नावात रताळं दडलेलं आहे.

रंगावर तर अजिबात विसंबू नका. फिलिपिनो लोकांचं जांभळं 'उबे' हे कोनफळ आहे, तर जपानमधल्या ओकिनावा बेटांचं जांभळं रताळं हे खरोखर रताळं आहे. कापून शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच जांभळे. सालीकडे आणि आकाराकडे पाहावं, ते जास्त खरं बोलतात.

कढईत आणि ओव्हनमध्ये हा फरक नुसत्या नावाचा राहत नाही. रताळ्यात एक विकर (एन्झाइम) असतं, जे तापताना पिष्टाची माल्टोज नावाची साखर करतं. साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या टप्प्यात ते जोरात काम करतं. म्हणून रताळं त्या तापमानातून सावकाश गेलं तर जास्त गोड होतं. मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत शिजवलेलं रताळं सपक लागतं आणि चुलीच्या निखाऱ्यात भाजलेलं मधासारखं, त्यामागे हेच आहे. कोनफळात पिष्ट असतं, पण ते असं गोड होत नाही. ते कुटायला, तळायला, रश्श्यात टाकायला उत्तम. नायजेरियात उकडलेलं यॅम उखळात कुटून त्याचा लवचीक गोळा करतात, तो रश्श्याबरोबर खातात. ते या कंदाचं खरं वैभव. साखरेच्या पदार्थात ते वाया जातं. आणि ते कच्चं खाऊ नये. सोलताना हाताला तेल लावावं किंवा हातमोजे घालावेत.

रताळ्यांतही निवड आहेच. कॅसरोलला नारिंगी गराचं हवं. बोरेगार्ड ही लुइझियानाची जात १९८७ पासून आहे, कोव्हिंग्टन ही नॉर्थ कॅरोलिनाची. पश्चिमेकडच्या दुकानांत 'गार्नेट यॅम', 'ज्युएल यॅम' अशा पाट्या दिसतात, तीही नारिंगी रताळीच, बिनधास्त घ्या. ही शिजल्यावर ओलसर, मऊ होतात. भारतातलं गुलाबी सालीचं, पांढऱ्या गराचं रताळं कोरडं असतं. त्याच्या जवळचं इथे हवं असेल तर जपानी रताळं किंवा क्युबन लोकांचं बोनिआटो. किसासाठी, तुपात परतायच्या फोडींसाठी तेच. नारिंगी रताळं किसलं तर परतता परतता त्याचा लगदा होतो.

घरी आणल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवू नका. फार थंडीत रताळ्याचा गाभा कडक होतो, मग कितीही शिजवलं तरी तो मऊ होत नाही. काढणीनंतर शेतकरी ती काही दिवस उबदार, दमट खोलीत मुरवतात, त्याने सालीवरच्या जखमा भरतात आणि गोडी वाढते. आपण फक्त थंडशा, कोरड्या कोपऱ्यात टोपलीत ठेवायची.

आता कॅसरोल. आपल्याकडे कॅसरोल म्हटलं की पोळ्या गरम ठेवायचा डबा डोळ्यांसमोर येतो. इथे ते ओव्हनच्या भांड्यात भाजलेल्या आणि त्याच भांड्यातून वाढलेल्या पदार्थाचं नाव. आठ जणांना तीन पौंड, म्हणजे साधारण १.४ किलो रताळी लागतात. सालीसकट ४०० अंश फॅरनहाइटला तासभर भाजायची. उकडू नका, पाणी पितात आणि गोडी त्या पाण्यात जाते. साल काढून कुस्करायची, मग दोन अंडी, अर्धा कप दूध, चार मोठे चमचे लोणी, पाव ते पाऊण कप ब्राऊन शुगर, व्हॅनिला, दालचिनी आणि अर्धा चमचा मीठ. रताळं आधी चाखा, मग साखर ठरवा. चांगलं भाजलेलं असेल तर पाव कप पुरते. डब्यातली पाकातली रताळी वापरणार असाल तर पाक पूर्ण निथळून टाका आणि साखर घालूच नका. अंडी नको असतील तर दूध अर्ध्यावर आणा. कॅसरोल थोडं मऊ राहील, चवीत उणं पडत नाही.

वरच्या थरावरून अमेरिकन घरांत दोन पक्ष आहेत. एक पेकानचा: पेकान म्हणजे अक्रोडासारखा, पण जास्त लोण्यासारख्या चवीचा दाणा. एक कप पेकानचे तुकडे, अर्धा कप ब्राऊन शुगर, पाऊण मूठ मैदा आणि लोणी चोळून केलेला भुगा पसरायचा आणि ३५० अंशांना अर्धा तास भाजायचं. दुसरा पक्ष मार्शमॅलोचा. ही प्रथा जुनी वाटते, पण शंभर वर्षांच्या आसपासची आहे. १९१७ मध्ये एका मार्शमॅलो कंपनीने आपला माल घरोघरी वापरला जावा म्हणून जेनेट मॅकेन्झी हिल यांच्याकडून पाककृती लिहून घेतल्या, त्यात कुस्करलेल्या रताळ्यावर मार्शमॅलो होते. शाकाहारी घरांनी मात्र लक्ष द्यावं: नेहमीच्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं, आणि ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून येतं. शाकाहारी मार्शमॅलो वेगळे मिळतात. ज्यांच्याकडे जेवायला जाणार त्यांच्यात शाकाहारी कुणी असेल तर मी सरळ पेकानच करते. तो मला चवीलाही पटतो. गोडावर गोड टाकण्यापेक्षा कुरकुरीत, किंचित खारट थर रताळ्याला उठाव देतो.

'कँडीड यॅम' हा पदार्थ आणखी वेगळा आणि तोही रताळ्याचाच. त्यात कुस्करत नाहीत, अंडं-दूध नसतं. जाड चकत्या लोणी, ब्राऊन शुगर, दालचिनी, जायफळ यांच्या पाकात भाजतात, पाक चकत्यांवर चढेपर्यंत. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय घरांत सणाच्या ताटात याचा मान मोठा. तिथे कुणी त्याला यॅम म्हटलं तर दुरुस्त करायला जाऊ नका. त्या नावामागे काय आहे ते वर सांगितलं आहेच. आणि एक चकती चाखून पाहा: जायफळाच्या वासामुळे मला ती आपल्या पाकातल्या रताळ्यांच्या, एकादशीच्या ताटातल्या त्या तुपकट फोडींच्या फार जवळची वाटते.

कोनफळ मी आता थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी आणते. पातळ चकत्या, वर बेसनाचं भज्यांसारखं पीठ, भरडलेले धणे आणि मिरी, आणि तापलेलं तेल.