टाकीच्या तिरप्या रेघा

येशूचं बालपण जिथे गेलं त्या, आज इस्रायलमध्ये असलेल्या नाझरेथमध्ये आज दिसणारं भव्य चर्च १९६९ सालचं आहे. पण त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीत आणि पूर्वेच्या अर्धवर्तुळाकार भागात बाराव्या शतकातले दगड अजून उभे आहेत. क्रुसेडर म्हणजे पवित्र भूमी जिंकायला युरोपातून आलेले ख्रिस्ती योद्धे; त्यांच्यातला सरदार टँक्रेड याच्या काळात इथे नवं चर्च बांधायला सुरुवात झाली. सुमारे ७५ मीटर लांबीची ती वास्तू १२६३ मध्ये इजिप्तचा सुलतान बायबर्सच्या हुकमाने पाडली गेली. पुढे कित्येक शतकं तिथे ढिगाराच होता.

मग कुठला दगड क्रुसेडरांचा, हे ओळखायचं कसं? याचं उत्तर शार्ल क्लेर्मों-गानो या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने १८७० च्या दशकात दिलं. पाथरवट दगडाचा दर्शनी भाग सपाट करतो तेव्हा त्याच्या टाकीच्या, म्हणजे छिन्नीसारख्या हत्याराच्या, रेघा मागे राहतात. क्रुसेडरांच्या इमारतींत या रेघा बारीक, एकसारख्या आणि तिरप्या असतात. काही दगडांवर एखादं अक्षर, बाण किंवा क्रूस असतो, ती त्या कारागिराची खूण. लिखित पुरावा नसला तरी दगड स्वतःच काळ सांगतो! मला ही पद्धत फार आवडते, कारण ती राजांऐवजी मजुराच्या हाताकडे बघते.

सगळ्यात मोठं आश्चर्य १९०८ मध्ये बाहेर आलं. फ्रान्सिस्कन या कॅथलिक पंथातले धर्मगुरू प्रोस्पेर व्हियो यांना उत्खननात पाच स्तंभशीर्षं सापडली, म्हणजे खांबाच्या माथ्यावर बसवायचे कोरीव दगड. त्यांवर येशूच्या शिष्यांच्या कथा आहेत. चुनखडीचा दगड पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात हळूहळू विरघळतो. उघड्यावरच्या शिल्पांची नाकं-डोळे आधी झिजतात ते यामुळेच. इथे मात्र दाढीच्या बटा आणि वस्त्रांच्या चुण्या काल कोरल्यासारख्या आहेत. ही शीर्षं जागेवर चढलीच नसावीत. ४ जुलै ११८७ ला जवळच्या हत्तीन इथे इजिप्त आणि सीरियाचा सुलतान सलादीनने क्रुसेडरांचा दारुण पराभव केला, आणि त्याच सुमारास ती पुरली गेली, असं अनेक अभ्यासक मानतात. मला हे पटतं.

चार शीर्षं बहुकोनी आहेत, पाचवं आयताकृती. त्यावर मुकुट घातलेली एक स्त्री दैत्यांच्या गर्दीतून एका शिष्याचा हात धरून त्याला पुढे नेते आहे. तिच्या खाली जो खांब यायचा होता, तो कधी आलाच नाही.