लोकल रेपो हवा म्हणजे नेमकं काय हवं: कॅश की मिरर?

लॅबमध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीचे तीसेक संगणक झाले की 'एक लोकल रेपो टाकू', म्हणजे सॉफ्टवेअर पॅकेजं जिथून मिळतात तो साठा लॅबमध्येच ठेवू, असं ठरतं. या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात, आणि बहुतेक जण गरज नसताना दुसरी उभारून बसतात.

पहिली म्हणजे कॅश, मागितलेलं तेवढंच साठवणारा: ॲप्ट-कॅशर-एनजी हा प्रोग्रॅम. एका संगणकाने पॅकेज मागितलं की सर्व्हर ते इंटरनेटवरून आणून देतो आणि स्वतःजवळ ठेवतो. बाकीच्या एकोणतीस जणांना तेच लॅनवरून मिळतं. 200 एमबीच्या अपडेटसाठी 6 जीबीऐवजी 200 एमबीच खर्च होतात. प्रत्येक क्लायंटच्या (लॅबमधल्या संगणकाच्या) ॲप्ट सेटिंगमध्ये (ॲप्ट म्हणजे डेबियनचं पॅकेजं आणणारं साधन) एचटीटीपी प्रॉक्सी, म्हणजे मधला दुवा, म्हणून सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट 3142 लिहायचा, एवढंच. सोर्सेसच्या, म्हणजे रेपोचे पत्ते देणाऱ्या, ओळी मात्र एचटीटीपीच्या हव्यात. एचटीटीपीएस (एन्क्रिप्ट केलेली जोडणी) असेल तर कॅशला आतलं काही दिसत नाही, म्हणून साठवताही येत नाही. मूळ सेटिंगमध्ये तर अशी जोडणी सरळ नाकारली जाते. एचटीटीपीमुळे भेसळीची भीती नको, कारण रेपोची जीपीजी सही (खरेपणा पटवणारी डिजिटल सही) क्लायंट स्वतः तपासतो.

दुसरी म्हणजे मिरर, रेपोची पूर्ण प्रत: ॲप्ट-मिरर हा प्रोग्रॅम. हा कुणी मागण्याची वाट पाहत नाही, सगळंच आधी उतरवतो. डेबियन 12 मध्ये 64 हजारांहून जास्त पॅकेजं आहेत. लॅबला त्यातली थोडीच लागतात. एकाच आर्किटेक्चरसाठीही (प्रोसेसरच्या प्रकारासाठी) 200 जीबी तरी मोकळे ठेवा. वर वाटपासाठी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, रोजच्या सिंकसाठी (मूळ रेपोशी जुळवण्यासाठी) क्रॉन हे ठरल्या वेळी काम चालवणारं साधन, आणि जुनी पॅकेजं साचू नयेत म्हणून क्लीन स्क्रिप्टही चालवायची.

मिररचा खरा धोका जागेचा नाही. उतरवायच्या रेपोंच्या यादीत सिक्युरिटी अपडेट्सची ओळ राहून गेली आणि क्लायंट फक्त मिररकडेच बघत असतील, तर ते 'सगळं अद्ययावत आहे' असंच सांगत राहतात. डेबियन 12 पासून वेगळा झालेला नॉन-फ्री-फर्मवेअर (हार्डवेअरला लागणारं, मुक्त परवाना नसलेलं सॉफ्टवेअर) विभागही असाच सुटतो. सिंक बंद पडलं तर सिक्युरिटीच्या रिलीज फाइलची (रेपोच्या सही केलेल्या सूचीची) मुदत आठवड्याभरात संपते आणि ॲप्ट ती नाकारतं. ही तपासणी बंद करू नका. सिंक थांबल्याचं तेवढ्यामुळेच कळतं. मुख्य विभागाला अशी मुदतच नाही, तो गुपचूप शिळा होत जातो.

म्हणून इंटरनेट असेल तिथे कॅशच लावा. मिरर फक्त बाहेरच्या जगापासून तोडलेल्या नेटवर्कसाठी, आणि तिथे ताजी प्रत दर आठवड्याला डिस्कवरून आत न्यायची तयारी हवी. कॅशवरचे लॅपटॉप घरी गेले की प्रॉक्सी सापडत नाही आणि ॲप्ट अडतं. त्यांच्यावर प्रॉक्सीचा पत्ता कायमचा न लिहिता ऑटो-ॲप्ट-प्रॉक्सी हे पॅकेज टाका.